ऊर्जा-पर्यावरण व्यवसाय संघटना (जालना एमआयडीसी)

सौर संच, ऊर्जा लेखापरीक्षण, धूर गाळणारी यंत्रणा, सांडपाणी शुद्धीकरण असा माल वा सेवा विकणाऱ्या उद्योजकांची संघटना. पुण्याची महाराष्ट्र सोलर मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन (मास्मा) हे राज्यातले ओळखीचे उदाहरण. छतावरच्या सौरविजेचे नियम ठरताना वीज नियामक आयोगापुढे ती या व्यवसायाची बाजू मांडते. जालन्यात ठळकपणे संघटित आहे तो मात्र या मालाचा ग्राहक. भंगार वितळवून सळई बनवणारे इथले कारखानदार स्टील मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ऑफ महाराष्ट्रमार्फत आपले प्रश्न मांडतात. या वसाहतीत ऊर्जा-पर्यावरण व्यवसाय रुजवायचे तर विकणारा आणि वापरणारा एकाच बैठकीत बसले पाहिजेत, आणि संघटनेचे यश पदरात पडलेल्या सवलतीवर नव्हे, टनामागे वाचलेल्या युनिटांवर मोजले पाहिजे.

याचे कारण भट्टीच्या हिशेबात आहे. इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. युनिटमागे एक रुपया दर वाढला की टनाचा खर्च सहाशे रुपयांच्या आसपास चढतो. छत्तीसगडच्या पोलादाशी स्पर्धा करणाऱ्या जालन्याने आधी सवलतच मागावी, हा आक्षेप म्हणूनच वजनदार आहे. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा व उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना राज्य सरकारने दिलेल्या वीजदर सवलतीचा आधारही खराच. पण सवलत शासननिर्णयावर जगते आणि मुदतीबरोबर संपते. ओतलेले बिलेट (पोलादाचा लांबट ठोकळा) थंड होऊ न देता गरम असतानाच रोलिंग मिलमध्ये नेले, तर ते पुन्हा तापवण्याचे इंधन दर पाळीला वाचते. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. मोठा कारखाना असे बदल स्वतःच्या बळावर करेल. नुसती रोलिंग मिल चालवणाऱ्याकडे पोलाद वितळवणारी भट्टी नसते, तज्ज्ञ ठेवण्याची ऐपत नसते आणि शेजाऱ्याचा अनुभव त्याला कळत नाही. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम व जागतिक पर्यावरण सुविधा यांच्या साहाय्याने २००४ मध्ये सुरू केलेला प्रकल्प नेमका अशा री-रोलिंग मिलसाठी होता. स्पर्धकाला खर्च कळेल या धास्तीने कारखानदार आकडे देणार नाहीत, ही शंका रास्त आहे. म्हणून नावे झाकून सर्वांचे आकडे एकत्र करणारी तिसरी जागा हवी, आणि ते काम संघटनेखेरीज कोण करणार?

विक्रेते सभासद असतील तर सल्ला म्हणजे विक्रीच ठरेल, हा सर्वांत गंभीर आक्षेप. त्यावर बंधन घालता येते: बसवलेल्या यंत्राची बचत विक्रेत्याने सांगू नये, ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ खालच्या अधिमान्यताप्राप्त लेखापरीक्षकाने मोजावी. धुराच्या बाबतीत तर याची निकड जास्त आहे. भट्टीवरचा धूर ओढून बॅग फिल्टरमध्ये नेणारा पंखा विजेवर चालतो. तो बंद ठेवला की बिल घटते आणि धूळ वस्तीवर पडते. इथे ऊर्जेची बचत आणि पर्यावरणाचे रक्षण एकमेकांविरुद्ध उभे राहतात. सौर संच विकणारा आणि फिल्टर विकणारा वेगवेगळ्या दारांनी आले, तर हा पेच कारखानदाराच्या गळ्यात राहतो. पंख्याची वीजही टनामागच्या हिशेबात धरली, फिल्टरच्या पिशव्या बदलण्याचा करार विक्रीतच बांधला आणि पंखा चालल्याच्या तासांची नोंद संघटनेकडे आली, तर तो पेच विक्रेते आणि कारखानदार यांनी मिळून सोडवायचा प्रश्न होतो.