लैंगिक गुन्हेगार नोंदवही

लैंगिक गुन्हेगार नोंदवही : लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांची सरकारी यादी. केंद्रीय गृहमंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी भारताची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हा तीत सुमारे ४.४ लाख नोंदी होत्या. नाव, पत्ता, छायाचित्र, बोटांचे ठसे असा तपशील ‘राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग’ (एनसीआरबी) सांभाळतो. तो फक्त पोलीस व तपास यंत्रणांना दिसतो.

सामान्य रहिवाशाला मात्र तो दिसत नाही. उदाहरणार्थ, शोळिंगनल्लूर या चेन्नईच्या दक्षिण भागात, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत, आयटी कंपन्या आणि टोलेजंग गृहसंकुले आहेत. देशभरातून नोकरीसाठी आलेल्यांच्या या वस्तीत शेजारी सहसा अनोळखीच. तमिळनाडू पोलिसांकडे घरकामगाराची किंवा भाडेकरूची पडताळणी ऑनलाइन मागता येते; ‘आपल्या गल्लीत कोण राहतो’ म्हणून यादी चाळता येत नाही.

अमेरिकेत ती चाळता येते. १९९६च्या ‘मेगन्स लॉ’नंतर राज्यांनी नावे-पत्ते जाहीर केले. एप्रिल २००६मध्ये मेन राज्यात एका तरुणाने अशाच संकेतस्थळावर पत्ते शोधून दोघांना घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यांतल्या एकाचा गुन्हा म्हणजे एकोणीस-वीस वर्षांचा असताना अल्पवयीन मैत्रिणीशी ठेवलेला संबंध. ब्रिटनमध्ये २००० साली एका वृत्तपत्राने नावे छापली आणि पोर्ट्समथमध्ये जमाव रस्त्यावर उतरला. तिथे आता मधला मार्ग आहे : मुलाच्या संपर्कातील विशिष्ट व्यक्तीबद्दल पालक पोलिसांना विचारतात आणि धोका दिसला तरच उत्तर मिळते.

जमावाचा न्याय आपल्याकडेही अपरिचित नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले गेले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. तिथे यादी नव्हती, व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा पुरली. अधिकृत छायाचित्र आणि पत्ता हाती आला असता तर काय झाले असते, याचा अंदाज कठीण नाही.

शिवाय यादी नजर वळवते ती परक्याकडे. एनसीआरबीच्या आकडेवारीत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो : नातेवाईक, शेजारी, मित्र. यांतले बरेच जण आधी कधी दोषी ठरलेले नसतात. मग नोंदवहीत सापडणार कसे?

माहिती फुटते तेव्हा होरपळते पीडिता. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात डिसेंबर २०२४मध्ये विद्यार्थिनीवर अत्याचार झाला आणि तिची ओळख उघड करणारा एफआयआर इंटरनेटवरून पसरला. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर संकेतस्थळावर टाकू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्येच बजावले होते. मद्रास उच्च न्यायालयाने तीन महिला आयपीएस अधिकाऱ्यांचे पथक नेमले आणि तिला २५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. २ जून २०२५ रोजी आरोपीला जन्मठेप झाली. किमान ३० वर्षे सूट नाही. हा माणूस पोलिसांना नवा नव्हता, त्याच्यावर आधीचे गुन्हे होते. म्हणजे माहिती होती, वापरली गेली नाही.

आंध्र प्रदेशाच्या ‘दिशा’ विधेयकात (२०१९) नोंदवही जनतेला खुली करण्याची तरतूद होती. राष्ट्रीय नोंदवही अजूनही बंदच आहे. ती सुरू झाली त्याच दिवशी सुरू झालेले सायबर गुन्ह्यांच्या तक्रारींचे पोर्टल मात्र सर्वांना खुले असून, मुलांच्या अश्लील चित्रणाची तक्रार तिथे नाव न देताही करता येते.