आकाशाचा नकाशा आणि दोन पिढ्यांच्या भाषा

प्रचंड विदा हाताळण्यासाठी संगणकाची कोणती भाषा निवडावी, या वादात फोर्ट्रान कालबाह्य आणि पायथन मंद, असे निवाडे चटकन दिले जातात. एका भारतीय आकाश-सर्वेक्षणाचा इतिहास मात्र हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडतो.

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी ही ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. या अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या मोजमापांची सतत भर पडत राहते. २०१० ते २०१२ या काळात ‘टीजीएसएस’ सर्वेक्षणात तिने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास २००० तासांहून अधिक निरीक्षणे केली.

विदा जमली, पण नकाशा सहजासहजी हाती येणार नव्हता. या वारंवारतेवर पृथ्वीचे आयनावरण रेडिओ लहरींना विचलित करते, आणि तेही प्रत्येक दिशेला वेगवेगळे. त्यात मानवनिर्मित रेडिओ गोंगाटाची भर. एखाद्या क्षेत्राची विदा निष्णात संशोधक हाताने स्वच्छ करू शकतो; येथे अशी ५००० हून अधिक क्षेत्रे होती.

२०१७ मध्ये इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विदेतून सुमारे ९० टक्के आकाशाचे नकाशे आणि सहा लाखांहून अधिक रेडिओ स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. त्यांची ‘स्पॅम’ ही स्वयंचलित प्रणाली दोन भाषांवर उभी होती. कोणती विदा टाकायची, कोणती दुरुस्ती केव्हा करायची, हे निर्णय पायथनकडे. बरेचसे जड गणित एआयपीएसकडे. एआयपीएस ही अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेत १९७८ पासून घडत आलेली, प्रामुख्याने फोर्ट्रानमधील प्रणाली. दोहोंमधला दुभाषा होता ‘पार्सलटंग’.

या विभागणीमागचा हिशेब साधा आहे. समजा, १०० तासांच्या कामातले ९५ तास फोर्ट्रानमधील गणितात जातात. मग पायथनचा भाग क्षणार्धात उरकला, तरी वाचतील फार तर ५ तास. उलट कोट्यवधी वेळा फिरणारे गणित थेट पायथनमध्ये लिहिले, तर प्रत्येक फेरीत अर्थ लावण्याचा खर्च साचत जाऊन सारे काम रखडेल.

त्याच दुर्बिणीत याहून वेगळी निवडही दिसते. सुधारित जीएमआरटीचा ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपण्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात, आणि असे ६० संकेत एकाच वेळी येत असतात. तेथे उद्यावर काही ढकलता येत नाही. म्हणून ते गणित ग्राफिक्स प्रोसेसरवर, यंत्राशी जवळीक असलेल्या ‘कुडा’मध्ये चालते.

म्हणजे भाषा संपूर्ण प्रकल्पासाठी निवडायची नसते; ती कामाच्या एकेका टप्प्यासाठी निवडायची असते. वेळ नेमका कोठे खर्च होतो, हे आधी मोजावे लागते. हे मोजमाप टाळून केवळ नव्या भाषेच्या मोहाने जुने, पारखलेले गणित मोडीत काढले, तर वेग मिळेलच असे नाही. विश्वास मात्र पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागेल.