क्निश

* क्निश : पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंचा सारण भरून भाजलेला खारा पदार्थ. मैद्याची पातळ पोळी लाटायची, कडेला सारणाची जाडसर ओळ मांडायची, वळकटी करायची आणि तळहाताच्या कडेने तिचे तुकडे पाडायचे. त्या दाबाने तुकड्यांची तोंडंही बरीचशी मिटतात. सारण बहुधा कुस्करलेला बटाटा आणि खमंग परतलेल्या कांद्याचं, कधी कुट्टूचं किंवा कोबीचं.

ही टीप ज्या गोष्टीला जोडली आहे तिच्यात आई कांदा कोंबडीच्या चरबीत परतते आणि क्निश खाल्ल्यावर मुलाने मागूनही त्याला दूध देत नाही. ज्यू आहारनियमांनुसार मांस आणि दुग्धपदार्थ एकत्र खाणं निषिद्ध आहे. चरबी पडली की बटाट्याचा क्निशही मांसाच्या गटात जातो आणि दुधासाठी काही तास थांबावं लागतं. हे ठाऊक नसेल तर आई निष्ठुर वाटते, आणि तो तिच्यावर अन्याय होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थलांतरितांबरोबर क्निश न्यूयॉर्कला पोचला. लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या इमारतींत राहणाऱ्या शिवणकामगारांना तो परवडे, हातात धरून खाता येई आणि पोटाला आधार देई. रुमानियातून आलेले योना शिमेल आधी हातगाडीवर क्निश विकत. १९१० पासून हाऊस्टन स्ट्रीटवर त्यांच्या नावाचं दुकान आहे. आपल्याकडच्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांत मात्र क्निशची परंपरा नाही. त्यांच्या सणांना करंज्या होतात.