वायरशार्क

वायरशार्क हे संगणक जाळ्यातून जाणारी माहिती टिपून तिचे विश्लेषण करणारे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. जाळ्यातील बिघाड शोधणे, सायबर हल्ल्यांचा तपास करणे आणि संगणक जाळ्यांचे अध्यापन यांसाठी ते वापरले जाते.

इतिहास

जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये हे सॉफ्टवेअर 'इथेरियल' या नावाने प्रसिद्ध केले. २००६ मध्ये त्यांनी नोकरी बदलली. मात्र 'इथेरियल' या व्यापारचिन्हाचे हक्क त्यांच्याकडे नसल्याने प्रकल्पाला 'वायरशार्क' हे नाव देण्यात आले. २००८ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती आली.

कार्यपद्धती

जाळ्यावरून जाणारी माहिती लहान तुकड्यांत विभागलेली असते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. नेटवर्क कार्ड एरवी इतरांसाठी असलेली पॅकेट्स सोडून देते. 'प्रॉमिस्क्युअस मोड'मध्ये मात्र ते आपल्यापर्यंत पोहोचणारे प्रत्येक पॅकेट स्वीकारते. स्विच असलेल्या जाळ्यात इतर यंत्रांची पॅकेट्स सहसा पोहोचतच नाहीत, म्हणून स्विचच्या एखाद्या पोर्टवर त्यांची प्रत वळवावी लागते. वायरशार्क टिपलेल्या पॅकेटमधील इथरनेट, आयपी, टीसीपी इत्यादी थर उलगडून दाखवते. फिल्टर लावून त्यांतील हवी तेवढीच पॅकेट्स पाहता येतात.

सुरक्षेतील उपयोग

एकच यंत्र अल्पावधीत शेकडो पोर्टांवर जोडणी मागत असल्यास ते पोर्ट स्कॅनिंगचे लक्षण असू शकते. एकाच आयपी पत्त्यावर दोन मॅक पत्ते दावा करत असल्यास एआरपी स्पूफिंगचा संशय घेतला जातो. वायरशार्क स्वतः हल्ला रोखत नाही. निष्कर्ष विश्लेषकालाच काढावा लागतो.

मर्यादा

टेलनेट, एफटीपी व एचटीटीपी या प्रोटोकॉलमध्ये पासवर्डही उघड स्वरूपात जातो. पॅकेट टिपणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. टीएलएस कूटबद्धीकरणामुळे मजकूर झाकला जातो, तरी आयपी पत्ते, वेळ व पॅकेटचा आकार दिसतच राहतो. हेच कूटबद्धीकरण घातक सॉफ्टवेअरलाही आडोसा देते. त्यामुळे तपास करणाऱ्यांना अनेकदा मजकुराऐवजी या बाह्य खुणांवर विसंबून राहावे लागते.

कायदेशीर बाजू

वायरशार्क वापरणे हा स्वतःहून गुन्हा नाही. तथापि, भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार संगणक जाळ्याच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना त्यातील माहिती मिळवल्यास भरपाईचे दायित्व येते. असे कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.