लिंगाला भाषा

लिंगाला ही नायजर-काँगो भाषाकुळाच्या बांतू शाखेतील एक भाषा आहे. ती प्रामुख्याने काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक व काँगोचे प्रजासत्ताक या देशांत बोलली जाते. काँगो नदीच्या समोरासमोरील काठांवर वसलेल्या किन्शासा व ब्राझाव्हिल या राजधान्यांत तिचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. तिच्या कोट्यवधी भाषकांपैकी अनेकांची ती मातृभाषा नसून परस्पर व्यवहाराची भाषा आहे. लिंगाला रोमन लिपीत लिहिली जाते.

इतिहास

लिंगाला मुळात कोणत्याही एका जमातीची भाषा नव्हती. एकोणिसाव्या शतकात काँगो नदीवरील व्यापारात बोबांगी भाषा प्रचलित होती. १८८५ मध्ये बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने काँगो मुक्त राज्य स्थापन केले. त्यानंतर युरोपीय अधिकारी, तसेच दूरच्या प्रदेशांतून आणलेले सैनिक व मजूर बोबांगीचे सुलभ रूप वापरू लागले. त्यातूनच लिंगाला घडत गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी एजिड दे बूक या बेल्जियन मिशनऱ्याने तिचे व्याकरण प्रमाणित करण्याचा प्रयत्न केला. हे ग्रांथिक रूप मुख्यतः चर्च व शिक्षणापुरते राहिले. शहरांतील बोली मात्र फ्रेंच शब्द सामावून घेत स्वतंत्रपणे विकसित झाली.

वसाहतीच्या सैन्यात लिंगाला वापरली जात असे. पुढे राष्ट्राध्यक्ष मोबुटू सेसे सेको यांच्या राजवटीतही (१९६५–१९९७) सैन्यात व जाहीर भाषणांत तिचा वापर होत राहिला. त्यामुळे देशाच्या काही भागांत ती सत्ताधाऱ्यांची भाषा म्हणून ओळखली गेली.

व्याकरण

इतर बांतू भाषांप्रमाणे लिंगालात नामांचे वर्ग असून ते उपसर्गांवरून ओळखले जातात. उदा. 'मोतो' म्हणजे माणूस, तर 'बातो' म्हणजे माणसे. ही सुरात्मक भाषा असल्याने स्वराच्या उच्च-नीचतेनुसार अर्थ बदलतो. 'कोकोमा' या शब्दातील दुसरे अक्षर नीच सुरात उच्चारल्यास 'लिहिणे' व उच्च सुरात उच्चारल्यास 'पोहोचणे' असा अर्थ होतो.

सद्यस्थिती

काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाच्या २००६ च्या संविधानानुसार किकोंगो, स्वाहिली व चिलुबा यांच्यासह लिंगाला ही राष्ट्रीय भाषा आहे. अधिकृत भाषा मात्र फ्रेंच आहे. त्यामुळे उच्च शिक्षण व शासकीय लेखनात लिंगालाला मर्यादित स्थान मिळते. याउलट संगीतात तिचे स्थान अग्रगण्य आहे. फ्रँको लुआम्बो, ताबू ले रोशेरो व पापा वेम्बा यांच्या गीतांमुळे ती आफ्रिकेत दूरवर पोहोचली. काँगोली रुंबा या संगीतप्रकाराचा २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.