इंधनपुरवठा, वाहनांचा : दोषनिदानाचा इतिहास (सातारा व सांगली जिल्हे)

टाकीतील इंधन गाळून, योग्य दाबाने व योग्य प्रमाणात एंजिनापर्यंत पोहोचविणाऱ्या व्यवस्थेस इंधनपुरवठा यंत्रणा म्हणतात. अंतर्ज्वलन एंजिन सुरू होण्यासाठी इंधन, हवा, पुरेसे संपीडन व पेट्रोल एंजिनाच्या बाबतीत योग्य वेळी पडणारी ठिणगी यांची आवश्यकता असते. एंजिन फिरते, ठिणगीही पडते, तरी ते पेट घेत नाही, असे आढळल्यास दोष बहुधा इंधनपुरवठ्यात असतो. तो शोधण्याची रीत यंत्रणेच्या रचनेबरोबर बदलत गेली. घाटरस्ते, कडक उन्हाळा व शेतीतील डीझेल एंजिने या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळे सातारा व सांगली जिल्ह्यांत या बदलाचे टप्पे स्पष्टपणे पाहावयास मिळतात. मूळ सातारा जिल्ह्याचे १९४९ मध्ये उत्तर व दक्षिण असे विभाजन झाले व दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.

घाटरस्ते व पेट्रोल मोटारी : पुण्याहून साताऱ्यास जाताना खंबाटकी घाट, वाईहून पाचगणी-महाबळेश्वरकडे जाताना पसरणी घाट व कराडहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाट लागतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७२ मी. उंच असून ब्रिटिश अमदानीत ते मुंबई सरकारचे उन्हाळी ठाणे होते. आरंभीच्या मोटारींत पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने कार्ब्युरेटरकडे वाहत असे. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ (१९०८–२७) या गाडीची टाकी बराच काळ बैठकीखाली असे. टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला, तर कार्ब्युरेटर टाकीच्या पातळीच्या वर जाई व एंजिन बंद पडे. अशा वेळी गाडी वळवून उलट्या चालीने चढ चढवीत. त्यानंतर आलेल्या निर्वात टाकीत एंजिनाच्या शोषणाने पेट्रोल वर खेचले जाई. परंतु लांब चढावर झडप पूर्ण उघडी ठेवली, म्हणजे शोषण मंदावून लहान टाकी रिती होई. चालकाने काही क्षण पाय सैल सोडला, की ती पुन्हा भरे.

१९३० च्या सुमारास पटलाचा यांत्रिक पंप रूढ झाला. एंजिनाच्या कॅमदंडावरील उत्केंद्री भाग तरफ हलवितो व पटल वरखाली होऊन पेट्रोल ओढले जाते. मुंबईत कुर्ला येथे बनणाऱ्या फियाट (पुढे प्रीमियर पद्मिनी) मोटारीत हीच रचना होती. अशा गाडीत निदान टाकीकडून एंजिनाकडे अशा क्रमाने करीत. प्रथम टाकीत पेट्रोल आहे की नाही ते पाहणे; मग टाकीचे झाकण उघडणे, कारण झाकणातील वायुछिद्र बुजल्यास टाकीत निर्वात होऊन प्रवाह थांबतो; नंतर कार्ब्युरेटरची नळी सोडवून एंजिन फिरविणे. पेट्रोलची चिळकांडी उडाल्यास पंप ठीक व दोष कार्ब्युरेटरच्या सुईत, तरंगकात किंवा प्रोथात; न उडाल्यास दोष पंपात, गाळणीत अथवा नळीत, असे ठरे. पटल फाटल्यास पेट्रोल एंजिनाच्या तेलात उतरते. म्हणून तेलास पेट्रोलचा वास येतो का, हेही पाहत.

घाट चढून थांबलेली गाडी पुन्हा सुरू न होणे, हा उन्हाळ्यातील नेहमीचा अनुभव. एंजिन थांबल्यावर पंख्याचा वारा बंद होतो, तापलेल्या नळीतील पेट्रोलची वाफ होते व पंप वाफेवरच चालत राहतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने पेट्रोल आणखी लवकर उकळते. पंपावर ओले फडके टाकून थोडा वेळ थांबणे हा त्यावरील सोपा व शास्त्रशुद्ध उपाय होय.

डीझेल एंजिने : डीझेल एंजिनात ठिणगी नसते, तापलेल्या संपीडित हवेत इंधनाचा फवारा मारावा लागतो. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये अंतःक्षेपण पंपांचे नियमित उत्पादन सुरू केल्यावर लहान व वेगवान डीझेल एंजिने व्यवहार्य झाली. कोरेगाव तालुक्यातील सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी लोखंडी नांगरांचा कारखाना काढला होता. १९३० नंतरच्या दशकात तेथे डीझेल एंजिने तयार होऊ लागली. भारतात बनलेल्या आरंभीच्या डीझेल एंजिनांत त्यांची गणना होते. कूपर हे १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीत पाण्याचे पंप तयार होत, तर किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचा कारखाना १९४६ मध्ये पुण्यास निघाला. एंजिन व पंप यांची ही जोडी नदीकाठी व विहिरींवर बसली आणि इंधनपुरवठ्यातील दोष शेतकऱ्याच्याही परिचयाचा झाला.

टाकी पूर्ण रिती होऊ दिल्यास डीझेलच्या नळीत हवा शिरते. हवा दाबली जाते, द्रव सहसा दाबला जात नाही. त्यामुळे पंपाचा दट्ट्या हवेलाच दाबत राहतो व अंतःक्षेपक उघडण्याइतका दाब निर्माण होत नाही. पुन्हा डीझेल ओतूनही एंजिन सुरू होत नाही, ते यामुळेच. गाळणीवरील स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत डीझेल वाहू देणे व मग तो आवळणे, यास कारागीर ‘हवा काढणे’ म्हणतात. पीक ऐन भरात असताना पाण्याची पाळी चुकणे म्हणजे हंगाम गमावणे. म्हणून ही क्रिया ज्यास येई, त्यास गावात मान असे. विजेचे पंप आल्यावर ही एंजिने मागे पडली. परंतु ट्रॅक्टर, ट्रक व एस. टी. गाड्यांमुळे हे ज्ञान टिकून राहिले.

स्कूटर : महाराष्ट्र स्कूटर्स या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीच्या सातारा येथील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. तिच्यात पंप नव्हता; पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने उतरे. खुली, बंद व राखीव अशा तीन स्थितींची तोटी पाहणे व कार्ब्युरेटरचे प्रोथ फुंकून साफ करणे, एवढ्यावर बहुतेक निदान संपे.

आधुनिक यंत्रणा : २००० पासून प्रदूषणाची मानके कडक होत गेली व नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर नाहीसा झाला. पंप आता विद्युत्‌चलित असून टाकीतच बसविलेला असतो. किल्ली फिरविताच त्याची क्षणभर गुणगुण ऐकू येते. ती न आल्यास प्रथम फ्यूज व रिले तपासतात. पुढील तपासणीसाठी दाबमापक व संगणकीय परीक्षक यांची गरज लागते. आधुनिक डीझेल मोटारीत इंधनाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असू शकतो. त्यामुळे चालू एंजिनाची उच्च दाबाची नळी सैल करण्याची जुनी रीत येथे प्राणघातक ठरू शकते.

२०२३ पासून २० टक्के एथॅनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस आले. एथॅनॉलनिर्मिती हा साखर कारखान्यांचा जोडव्यवसाय असल्याने सातारा व सांगली या ऊसपट्ट्याचा या इंधनाशी निकटचा संबंध येतो. एथॅनॉल पाणी शोषून घेते, टाकीतील जुना गाळ सुटा करते व जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या कमकुवत करते. त्यामुळे दीर्घकाळ उभी राहिलेली जुनी गाडी सुरू न झाल्यास टाकीत साचलेले पाणी, तुंबलेली गाळणी व रबरी नळ्या यांची तपासणी आधी करणे श्रेयस्कर ठरते. साधने बदलली, तरी टाकीपासून एंजिनापर्यंत क्रमाने जाण्याचे निदानाचे मूळ सूत्र कायम आहे.