मेंदू-संगणक जोडणी, मुक्तस्रोत
मेंदूतील विद्युत् संकेत स्नायूंच्या साहाय्यावाचून संगणकाकडे नेऊन त्यांच्याद्वारे एखादे उपकरण चालविणारे साधन. त्याच्या विद्युत् मंडलाचा आराखडा व आज्ञावली कोणासही पाहता, वापरता व बदलता येतील अशा प्रकारे प्रसिद्ध केलेली असल्यास त्यास मुक्तस्रोत म्हणतात. अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रकल्पांत अशी साधने वापरली जातात.

इतिहास : हान्स बेर्गर यांनी येना (जर्मनी) येथे १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत् क्रियेचा आलेख प्रथम घेतला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. मेंदू व संगणक यांच्यातील थेट संपर्काची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (लॉस अँजेल्स) झाक व्हिदाल यांनी १९७३ मध्ये मांडली. १९९९ मध्ये नील्स बिरबाउमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, जवळजवळ सर्व स्नायू निकामी झालेल्या रुग्णांना केवळ मेंदूच्या संकेतांनी अक्षरे निवडता येतात, असे दाखविले. या प्रयोगांची उपकरणे मोजक्या प्रयोगशाळांतच होती. पुढे ‘ओपन ईईजी’ या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी विवर्धकाचे आराखडे खुले केले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या एडीएस १२९९ या घटकात आठ मार्गांचे विवर्धन व संकेतांचे २४ द्विमान अंकांत रूपांतर एकत्र होऊ लागले. त्यावर आधारलेल्या ‘ओपन बीसीआय’ मंडलासाठी जोएल मर्फी व कॉनर रूसोमॅनो यांनी २०१३ च्या अखेरीस लोकवर्गणी सुरू केली. त्यातून आठ मार्गांचे व प्रतिसेकंद २५० नमुने घेणारे साधन महाविद्यालयांच्या आवाक्यात आले.

उपयोग व मर्यादा : कवटीवर मिळणारा संकेत काही दशक मायक्रोव्होल्ट इतकाच असतो. पापणी लवणे व दात आवळणे यांमुळे उद्‌भवणारे संकेत त्याहून पुष्कळ प्रबळ असतात. भारतात वीजपुरवठ्याचा ५० हर्ट्‌झचा व्यत्ययही त्यात मिसळतो. त्यामुळे ‘विचाराने चालणारी’ म्हणून दाखविलेली चाकाची खुर्ची प्रत्यक्षात कपाळाच्या स्नायूंवर चालत असण्याचा संभव असतो. प्रात्यक्षिकात हा दोष लपतो. परंतु स्नायू गमावलेल्या रुग्णास ती खुर्ची निरुपयोगी ठरते. मुक्तस्रोत साधनात मूळ नमुने व गाळणीची प्रत्येक पायरी विद्यार्थ्यास तपासता येते. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागील भागात ८ ते १३ हर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांची वाढ होते की नाही, ही बेर्गर यांच्या निरीक्षणावर आधारलेली चाचणी प्रथम घेतात. मंडल विद्युत् घटमालेवर चालवून सुरक्षितताही साधतात. अशा साधनाचे शैक्षणिक महत्त्व स्वस्तपणापेक्षा या तपासणीच्या सोयीत अधिक आहे.